शेषरावांचा कडता

आमच्या शेषरावभाऊंच्या फाटकातून आत पाऊल टाकलंत की ते तुम्हाला ‘या’ म्हणत नाहीत, ‘बसा’ म्हणत नाहीत. चष्म्याच्या वरून एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहतात आणि तुमचं वजन सांगतात.

“एकसष्ट सातशे.”

झालं स्वागत. मग तुम्ही पुरुष असा, बाई असा, मोठे अधिकारी असा नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असा. माझी नणंद दिवाळीला पुण्याहून आली होती. नवी साडी नेसून शेजारच्या भाऊंना नमस्कार करायला गेली आणि दोन मिनिटांत लालबुंद होऊन परत आली. “वहिनी, कोण गं हा माणूस? मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद काय देतो? म्हणे, ‘मागच्या दिवाळीपक्षा दोन किलो चढल्या तुमी!’”

मी तिला गुपचूप आमच्या न्हाणीघराजवळच्या काट्यावर चढवलं. मागच्या दिवाळीचा आकडा तिला पाठ होता; दोन किलो शंभर जास्त. मला भाऊंना पकडल्याचा आनंद झाला. तशीच शेजारी गेले आणि म्हटलं, “भाऊ, शंभर ग्रॅमनं चुकलात.”

“बांगड्या,” भाऊ म्हणाले आणि पुन्हा तूर निवडायला लागले.

अमरावतीत वलगाव रोडच्या बाजूला आमची दोन घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून भाऊ मला मास्तरीणबाई म्हणतात. अठरा वर्षांचा शेजार. त्यांना मूलबाळ नाही. कौसल्याकाकू होत्या, त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या. आता अंगणात एक कढीपत्त्याचं झाड, ओसरीवर एक खुर्ची आणि घरात भाऊ.

भाऊ बाजार समितीच्या यार्डात मापारी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की वजन पाहून पुकारायचं, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं पुकारलं. त्यामुळे त्यांचा आवाज घरातही यार्डातलाच आहे. ‘मीठ संपलं’ हे वाक्य ते असं म्हणतात की गल्लीच्या टोकावरचा दुकानदार मीठ काढून ठेवतो.

त्यांचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ आहे: “काटा पाहून बोला.” कोणी म्हटलं, यंदा ऊन फार आहे. “काटा पाहून बोला.” कोणी म्हटलं, साहेबांच्या सभेला दोन लाख माणूस होता. “काटा पाहून बोला.” आमच्या लेकानं दहावीला असताना एकदा त्यांना सांगितलं, आजोबा, मी खूप अभ्यास केला. भाऊंनी त्याला पुस्तकासकट वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, “पुस्तकाचं वजन तं तेवढंच दिसून राहिलं बाप्पा.”

आणि दुसरा त्यांचा लाडका शब्द म्हणजे कडता. तो समजावून घ्या, कारण पुढं सगळं महाभारत त्यावरच झालं. सोयाबीनचं पोतं काट्यावर आलं की दिसतं ते ढोबळ वजन. त्यातून रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात. ते बारदान. दाणा ओला असला तर ओलाव्यापोटी आणखी काही वजा करतात. तो कडता. उरतं ते निव्वळ. भाऊ पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, एक दाणा दाताखाली फोडत, डोळे मिटत आणि पुकारत, “दीड किलो कडता!” त्यामागं त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. “पानी हा काई माल नव्हे जी. पानी आज हाये, उद्या नाई. वजन मालाचं असते.”

निवृत्त झाल्यावर हे तत्त्वज्ञान मोकाट सुटलं. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी घेण्याआधी ते ती सात वेळा झटकत. एकदा भाजीवाली उठून उभीच राहिली. “काहो बुढेबुवा, भाजी घ्याची हाये का तिले नाचवाची हाये?” शाळेच्या गॅदरिंगला पाहुण्यांनी माझं कौतुक केलं, तेव्हा भाऊ दुसऱ्या रांगेत होते. घरी येताना म्हणाले, “भाषन बरं झालं पाहुन्याचं. पन तुमची जे स्तुती केली त्यानं, त्यात पाऊन हिस्सा कडता काढा.” मी दोन दिवस बोलले नाही.

तर असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी जिना चढताना मधेच थांबायला लागला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी सांगितलं की हृदयाच्या नसा ठीक आहेत, पण हृदयाचा स्नायूच कमजोर झाला आहे, सैल पडून फुगला आहे. कागदावर चित्र काढून दाखवलं. मग म्हणाल्या, “काका, पंपिंग पंचवीस टक्के आहे.”

भाऊंनी चित्राकडे पाहिलं. “मंग बाकीचं पंच्याहत्तर टक्के कोनं खाल्लं?”

बाईंनी समजावलं, की शंभर टक्के कुणाचंच नसतं, धडधाकट माणसाचं साठच्या आसपास असतं.

“म्हंजे देवानं पयलेच चाळीस टक्के कडता लावला म्हना!” भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. देवाबद्दलचा त्यांचा आदर तेव्हापासून वाढला आहे असं मला वाटतं.

मग बाईंनी संशोधनाचं काढलं. हृदयाचा स्नायू कमजोर झालेल्या माणसांपैकी कुणाची तब्येत बिघडणार हे आधीच ओळखता येतं का, आणि ओळखल्यावर वेळेत औषध कमी-जास्त करून ते टाळता येतं का, हे त्या पाहत होत्या. एक दवाखाना अमरावतीतला, एक अकोल्यातला. हृदय कमी पडलं की अंगात पाणी साठतं. आधी वजन वाढतं, मग पाय सुजतात, मग धाप लागते. म्हणून काही रोग्यांनी रोज सकाळी घरी वजन करायचं आणि अकोल्याहून सिस्टर आठवड्यातून दोनदा फोन करून ते लिहून घेणार. बाकीच्यांनी नेहमीसारखं तपासायला येत राहायचं.

“म्हंजे पावसाचा अंदाज सांगते तसं,” भाऊ म्हणाले.

“साधारण तसंच.”

“मंग खोटाच निंगन.”

“म्हणूनच तर संशोधन करतोय काका.”

हे उत्तर भाऊंना पटलं. संमतीपत्र चांगलं चौदा पानांचं होतं. साक्षीदार म्हणून मी सही करणार होते, त्यामुळे मलाही बसावं लागलं. भाऊंनी एकेक कलम यार्डातल्या पोत्यासारखं उघडून, हात घालून पाहिलं. कोणाला फोन आणि कोणाला नाही, हे कोण ठरवणार? कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार. “लिलावापक्षा बरं.” तुम्ही केव्हाही यातून बाहेर पडू शकता. “आन् तुमी मले बाहेर काढू शकता?”

“काढू शकतो. नोंदीच चुकीच्या असतील तर त्यांचा आम्हाला उपयोग नाही ना.”

“चुकीच्या?” भाऊ खुर्चीत ताठ झाले. “मापाऱ्याच्या?”

चिठ्ठी फोनची निघाली. त्यांना घरी नेण्यासाठी एक वजनाचं यंत्र मिळालं, चपटं, काचेचं, वर आकडे उमटणारं. भाऊंनी ते उलटंपालटं केलं. “याले सरकारी शिक्का कुठं हाये?” निवृत्तीच्या दिवशी यार्डातल्या हमालांनी त्यांना नारळाबरोबर वीस किलोचं लोखंडी वजन भेट दिलं होतं. ते त्यांच्या देवघरात असतं. माझ्या नवऱ्याकरवी ते आणवून काचेवर ठेवलं. वीस शंभर.

त्यांनी तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, काका, शंभर ग्रॅमनं काही फरक पडत नाही.

“फरक पडत नाई? मंग चाळीस वर्स म्या काय केलं?”

दुसऱ्या दिवशी दुसरा काटा आला.

रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, वजन. धोतर, बंडी आणि जानवं यांची वजनं त्यांनी आधीच वेगळी काढून भिंतीवर लिहून ठेवली होती. ती वजा. आकडा वहीत. आणि सोमवार-गुरुवार दुपारी चारला अकोल्याहून फोन.

या फोनची तयारी साडेतीनला सुरू होई. मी शाळेतून येऊन चहा टाकत असे आणि खिडकीतून हा सोहळा पाहत असे. भाऊ हातपाय धूत, धुतलेला सदरा घालत, इस्त्रीची पांढरी टोपी चढवत. ओसरीवर स्टूल, स्टुलावर मोबाईल, समोर खुर्ची. एकदा मी विचारलंच, “भाऊ, फोनवर टोपी दिसते का?”

“आवाजात दिसते,” भाऊ म्हणाले.

चारला फोन वाजे. भाऊंना ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकर चालू. म्हणून मलाही सगळं ऐकू येई. मी काही मुद्दाम खिडकीत उभी राहत नव्हते. माझा ओटाच तिथं आहे.

“नमस्कार काकाजी, वर्षा बोलते.”

“नमस्कार सिस्टरबाई! लिवा! मंगळवार, बासष्ट चारशे! बुधवार, बासष्ट चारशे! गुरुवार, बासष्ट तीनशे पन्नास!”

“वा काकाजी! एक नंबर!”

बस, एवढंच. भाऊ फोन दोन्ही हातांनी स्टुलावर ठेवत, जणू त्यात काहीतरी काठोकाठ भरलेलं आहे. मग संध्याकाळभर गल्लीत जो भेटेल त्याला ही बातमी. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या बँकवाल्यांना. “अकोल्याहून सांगतलं, एक नंबर!” डॉक्टरीणबाईही तपासणीच्या वेळी म्हणाल्या, काका, आमच्या यादीत तुमच्याइतकं स्थिर वजन कुणाचंच नाही. भाऊ त्या दिवशी दवाखान्यातून रिक्षानं आले नाहीत, वरातीतून आल्यासारखे आले.

आणि हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं.

आधी त्यांच्या चपलेचा पट्टा सैल झाला. म्हणजे त्यांनीच तो एक भोक पुढं घेतला. मग दोन भोकं. फाटकापासून ओसरीपर्यंतची वीस पावलं ते मधे थांबून, दोन हप्त्यांत चालायला लागले. त्यांचं ते यार्डातलं पुकारणं मधेच तुटायला लागलं. “मीठ... संपलं.” दुकानदारानं मला विचारलं, भाऊंचा आवाज बसला का? अंगणात उशा वाळत घातलेल्या दिसल्या, तीन. पूर्वी एक असायची.

मी म्हटलं, “भाऊ, तुमचे पाय सुजलेत.”

“हवामान.”

“तोंडही सुजलंय.”

“काटा पाहून बोला,” म्हणून त्यांनी वही माझ्यासमोर धरली. बासष्ट चारशे. काल बासष्ट चारशे. परवा बासष्ट चारशे. आकडे असे वळणदार, असे ओळीत, की माझ्यासारखी बाई, जी तीस वर्षं मुलांना नकाशे आणि आकडे शिकवत आली, ती गप्प बसली. समोर माणूस फुगतोय आणि मी वहीवर विश्वास ठेवला. हसायचं असेल तर मला हसा.

रविवारी सकाळी मी कढीपत्ता तोडायला त्यांच्या अंगणात गेले. भाऊ ओसरीवर काट्यावर उभे होते. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, छातीचा भाता चाललेला. मला पाहून वजन सांगितलं नाही. हे पहिल्यांदाच घडत होतं. म्हणाले, “मास्तरीणबाई... लिवा जरा... बासष्ट... चारशे.”

मी वही घेतली आणि सवयीनं काट्याकडे पाहिलं.

सदुसष्ट नऊशे.

“भाऊ! सदुसष्ट नऊशे आहे!”

“थे ढोबळ... ढोबळ हाये थे.” त्यांनी हात हलवला, जसा नवशिक्या हमालाला हलवतात. “बारदानासकट... साडेपाच किलो... कडता.”

हातातला कढीपत्ता खाली पडला. शाळेच्या नाटकात मी मुलींना असंच पाडायला शिकवते. पण शिकवलेलं वेगळं आणि पडलेलं वेगळं.

“कसला कडता?”

“पान्याचा.” भाऊ खुर्चीत बसले. एकेक शब्द उचलून आणल्यासारखे बोलत होते. “त्यायनंच सांगतलं ना... अंगात पानी साठते. आता तुमीच सांगा... पानी काई माल हाये का? माहं वजन म्हंजे माहं. पान्याचं वजन... माह्या नावावर... काहून टाकू?”

सांगते, त्या क्षणी मला त्यात एकही चूक सापडेना. चाळीस वर्षांच्या धंद्याला धरून होतं सगळं. मग एकदम सुचलं आणि मी ओरडलेच, “अहो भाऊ, त्यांना पाणीच मोजायचं होतं!”

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मग खाली आपल्या पायांकडे. पायांवर बोट दाबलं की खड्डा पडत होता आणि भरत नव्हता.

मी त्यांच्याच फोनवरून अकोल्याला लावला. रविवार होता, तरी वर्षा सिस्टरनं उचलला. आकडा ऐकला आणि तिचा आवाज बदलला. “काकूजी, अकोल्याला आणू नका, वेळ नाही. अमरावतीच्याच दवाखान्यात न्या, आत्ता. आडवं झोपवू नका. मी तिथं फोन करते.” माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. गतिरोधकावर गाडी उडाली, तेव्हा मागून भाऊ म्हणाले, “हळू जी... माल सांडन.” तेवढ्यानं मला जरा धीर आला.

इंजेक्शनं सुरू झाली. अंगातलं पाणी लघवीवाटे निघायला लागलं. पहिले काही तास डॉक्टरीणबाई खाटेजवळून हलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत भाऊ पाठीशी उशा घेऊन बसते झाले आणि वॉर्डाला त्यांची ओळख पटली. नर्सनं तक्त्यावर लघवीचं माप लिहिलं, साधारण दीड लिटर.

“साधारण?” भाऊंनी विचारलं.

बिचारीनं पुन्हा भांडं आणून डोळ्यांच्या पातळीला धरून मोजलं. एक लिटर सहाशे वीस. “आता लिवा,” भाऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन खाटांवरचे रोगीही ‘साधारण’ चालवून घेईनासे झाले.

तिसऱ्या दिवशी भाऊ बोलण्याजोगे झाले आणि डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. शांत माणसं रागावली की फार शांत बोलतात. “काका, तुमचं वजन स्थिर आहे म्हणून आम्ही गोळी वाढवली नाही. पंधरा दिवसांपूर्वी खरं वजन सांगितलं असतं, तर हे टळलं असतं. तुम्ही रविवारी गेला असता. आणि एक सांगू? आमच्या हिशेबात तुम्ही ‘वजन स्थिर, आणि तरी अचानक बिघडला’ असे आला असता. उद्या ते पाहून आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी वजनाकडे दुर्लक्ष केलं असतं.”

भाऊंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. धमकी त्यांना मरणाची वाटली नाही. दुसऱ्याच्या मापात आपल्यामुळे खोट आली असती, हे त्यांना लागलं. चादरीची घडी घातली. मग म्हणाले, “मंग मले काढनार तुमी? याच्यातून?”

“नोंदी खोट्या निघाल्या काका. मला वर कळवावं लागेल.”

“खोट्या नाईत. निव्वळ हायेत.” मग माझ्याकडे वळले. “मास्तरीणबाई, तांदळाच्या डब्यामागं एक लाल वही हाये. पक्की. थे आना.”

आणली. डॉक्टरीणबाईंनी उघडली. मापारी ढोबळ वजन कधी पुसत नाही, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक दिवसाला चार रकाने. तारीख, ढोबळ, कडता, निव्वळ. सुरुवातीपासून, एकही दिवस न चुकता. आणि कडत्यापुढं कारण. ‘चप्पल एक भोक पुढं, पाचशे.’ ‘रात्री दुसरी उशी घेतली, तीनशे.’ ‘फाटकापाशी थांबलो, चारशे.’ बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, “शेजारून आंब्याचं लोणचं आलं. आठशे.”

लोणच्यातलं मीठ अंगात पाणी धरतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्याजोगं काही नव्हतं.

बाई पानं उलटत राहिल्या आणि त्यांचा राग मला दिसेनासा झाला. म्हणाल्या, “काका, इतक्या बारकाईनं तर आम्ही विचारतसुद्धा नाही. ही वही द्याल?”

“नक्कल न्या. अस्सल देत नसतो.”

आता नोंदी दुरुस्त कशा करायच्या? बाई म्हणाल्या, संशोधनाच्या कागदावर चुकलेला आकडा खोडून काळा करायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा दिसला पाहिजे, शेजारी खरा आकडा, सही, तारीख आणि कारण.

“आमच्यात बी असंच,” भाऊ म्हणाले आणि त्यांच्या तोंडावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. दुपारभर ते दुरुस्त्या करत बसले. प्रत्येक ओळीला सही, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. कारण विचारलं होतं तिथं प्रत्येक वेळी एकच शब्द, कडता. बाईंनी वर कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, चूक चूक म्हणून नोंदवा, रोग्याला ठेवा.

पण मला एक कोडं राहिलं होतं. वॉर्डात दुपारी सामसूम होती. मी मोसंबी सोलत होते. म्हटलं, “भाऊ, एक विचारू? ढोबळ वजन तुम्ही रोज लिहीत होता. उशी वाढली, चप्पल घट्ट झाली, सगळं लिहीत होता. तुम्हाला कळत होतं.”

मी मोसंबीची फोड पुढं केली. त्यांनी ती हातात धरून ठेवली.

“दुसऱ्याच आठवड्यात अर्धा किलो चढलं होतं,” ते म्हणाले, आणि आवाज यार्डातला नव्हता. “म्या सांगतलं. तं थे गप झाली. ‘असं कसं काकाजी?’ म्हने. मले चांगलं नाई वाटलं. मंग गुरुवारी म्या कडता काढून सांगतलं. तं म्हने, एक नंबर.”

“एवढ्यासाठी?”

“तुमाले एवढं वाटते.” फोड अजून हातातच होती. “चाळीस वर्स मापलं मास्तरीणबाई. देनारा म्हने कमी मापलं, घेनारा म्हने जास्त मापलं. दोघंबी शिव्या देत घरी जायचे. कौसल्या बी म्हने, दान्यादान्यासाठी कायले भांडता लोकायशी. माह्या मापावर खूश झालेलं मानूस... हे पयलंच.”

मी दुसरं मोसंबं सोलायला घेतलं. ते सोलायचं नव्हतं, तरी.

भाऊ घरी आले तेव्हा वजन एकसष्ट आठशे होतं, ढोबळ. माझं लोणचं बंद झालं, मिठाचा डबा मी माझ्या घरी आणून ठेवला. पुढच्या सोमवारी मी वह्या तपासायला म्हणून त्यांच्या ओसरीवरच पायरीला टेकून बसले. टोपी, सदरा, स्टूल, खुर्ची, सगळं जागच्या जागी. चारला फोन वाजला.

“काकाजी, किती घाबरवलंत हो मला,” वर्षा सिस्टर म्हणाली. “आजचं सांगा.”

भाऊंनी वहीकडे पाहिलं. “बासष्ट सहाशे. ढोबळ.”

तिकडे शांतता. आठशे ग्रॅम चढलं होतं. मी लाल पेन हातात धरून बसले होते. भाऊ फोनकडे असे पाहत होते की जणू तो आता रागानं उठून जाणार आहे.

“पाय कसे आहेत?” ती म्हणाली. “दाबून पाहा बरं. उशा किती? धाप? काल जेवायला काय होतं?” एकेक विचारत गेली, भाऊ एकेक सांगत गेले. दहा मिनिटं झाली. इतका लांब फोन कधीच झाला नव्हता. मधे डॉक्टरीणबाईंना विचारून तिनं गोळी वाढवायला सांगितली. “आणि मी गुरुवारपर्यंत थांबणार नाही. उद्या चारला परत फोन करते.”

भाऊंनी फोन दोन्ही हातांनी स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, “उद्या बी करते म्हने.”

“हो.”

“चढलं तरी बी.”

“चढलं म्हणूनच भाऊ.”

यावर त्यांनी इतका खोल विचार केला की मला भलतीच शंका आली. वजन चढलं की रोज फोन! आता हा माणूस उलट्या दिशेनं कडता लावायला लागला तर? दुसऱ्या दिवशी शाळेतून मी जवळजवळ पळतच आले. वही स्टुलावर उघडी होती. सकाळचा आकडा, एकसष्ट नऊशे. गोळी लागू पडली होती.

चारला फोन वाजला. “बोला काकाजी.”

भाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. समोर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो जाईपर्यंत थांबले.

“एकसष्ट नऊशे.”

“अरे वा, उतरलं! पाय?”

“हलके हायेत.”

“छान झालं. मग आता रोज नको, नेहमीसारखं गुरुवारी बोलू.”

“हो जी. गुरुवारी.”

फोन बंद झाला. भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडली. सव्वाचार वाजत होते. गुरुवार दोन दिवसांवर होता आणि मधे आख्खा बुधवार.

मी वह्या गोळा केल्या. म्हटलं, “भाऊ, आमच्याकडे चारच्या सुमाराला फार ऊन येतं हो खोलीत. वह्या तपासता येत नाहीत. उद्या इथं ओसरीवर बसू का?”

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमची खोली उत्तरेला आहे. तिच्यात कुठल्याच ऋतूत, कुठल्याच वेळी ऊन येत नाही, हे अठरा वर्षं त्यांना माहीत आहे.

“या,” ते म्हणाले. मग उठले, आत गेले, आणि कौसल्याकाकूंची खुर्ची ओढत बाहेर आणायला लागले.